हात लावा, चावत नाही!

आमच्या घरी एकदा स्टो भडकला. मी बाजारात गेलो होतो. ज्वाळ फळीवरच्या डब्यांपर्यंत पोचली, तशी आमच्या सौ.नं घाबरून शेजारच्या भिंतीवर दणादण थापा मारल्या. भिंतीपलीकडं खांबेटे मास्तर राहत, आणि यंत्रातलं कळणारा माणूस म्हणून लोणावळ्यात त्यांचं नाव होतं. मास्तर धावत आले, दारातच थांबले, दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, हवा सोडायची कळ कुठल्या बाजूला असते?"

"अहो, तुम्हीच सोडा ना!"

"मी सोडली तर उद्या कोण सोडणार? बघा, पितळेची आहे, लहानशी. सापडली? हात लावा, चावत नाही. डावीकडं फिरवा. आणि आता?"

आता फळीवरचा कागद पेटला होता. पण सौ.नं कशीबशी कळ फिरवली, स्टोनं मोठा सुस्कारा सोडला आणि तो विझला. मी घरी आलो तेव्हा फळीची कड काळी पडली होती, सौ. रागानं लाल झाली होती आणि खांबेटे मास्तर पाठीमागचे हात न सोडता मला सांगत होते, "अहो भागवत, वहिनींनी स्वतः विझवला बरं का!"

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"मी विचारत होतो," ते म्हणाले. तेही अभिमानानं.

या माणसाच्या भिंतीला भिंत लावून मी कित्येक वर्षं राहिलो आणि एकाच हायस्कुलात त्यांच्याबरोबर नोकरी केली. ते गणित शिकवत, मी मराठी. उंच, किडकिडीत अंगलट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि त्या कोटाच्या खिशात वात कापायची कात्री, एक चिमटा आणि काचा पुसायचं मऊ फडकं. हातरुमाल त्यांच्याकडं नव्हताच. घाम आला की त्याच फडक्यानं तोंड पुसायचे आणि गालावर काजळीचा पट्टा घेऊन वर्गात शिरायचे. पोरं हसली, तर आपण गणितात काही विनोद केला असावा असं समजून तेही हसायचे.

हे यंत्राचं वेड त्यांना जन्मापासून होतं असं नाही. मुंबईच्या एका शेटजींचा वलवणच्या बाजूला बंगला होता. त्यांनी आमच्या शाळेला चित्रांचा कंदील भेट दिला. पत्र्याची मोठी पेटी, वर धुराडं, आत घासलेटचा दिवा, पुढं भिंग. मध्ये काचेवरचं चित्र सरकवायचं, म्हणजे ते समोरच्या पडद्यावर भिंतीएवढं दिसायचं. बरोबर दुकानाचा माणूसही आला होता. त्यानं आम्हां सगळ्या मास्तरांसमोर भराभर दिवा लावला, भिंग फिरवलं, ताजमहाल दाखवला, दिवा विझवला आणि विचारलं, "समजलं?" आम्ही सगळे म्हणालो, "समजलं." तो पुण्याच्या गाडीनं निघून गेल्यावर कळलं, की कुणालाच काही समजलं नव्हतं. हेडमास्तरांनी कंदील कपाटात ठेवून कुलूप लावलं. मोडण्यापेक्षा न वापरलेला बरा, असं त्यांचं मत होतं.

खांबेट्यांना मात्र ते 'समजलं' खात राहिलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आपापल्या गावी गेलो. ते गेले नाहीत. हेडमास्तरांच्या हातापाया पडून त्यांनी किल्ली घेतली आणि बंद शाळेत एकट्यानं तो कंदील पुनःपुन्हा लावला. आम्ही परत आलो तेव्हा त्यांच्या भुवया जळलेल्या होत्या आणि कंदील त्यांचं ऐकत होता.

मग काय, सगळ्यांचं फावलं. भूगोलाचे लेले वर्गातून हाक मारायचे, "खांबेटे, लावा तुमचा कंदील!" आणि खांबेटे स्वतःचा तास सोडून धावायचे. पुढं एकदा त्यांना हिवतापानं गाठलं. ते परत आले, तर वर्गातल्या पोरांनी सांगितलं, "सर, भूगोलाला चित्रं झाली नाहीत. लेले सर म्हणाले, कंदीलवाला आजारी आहे."

ही गोष्ट त्यांनी मला स्वतः सांगितली. राग 'कंदीलवाला' या शब्दाचा नव्हता.

"अहो भागवत, चूक माझीच. त्या दुकानदाराचे हात भराभर चालले म्हणून आपल्याला आलं नाही. मीही तेच करत होतो. जो शिकवतो त्याचे हात बांधले पाहिजेत."

आणि त्यांनी ते खरोखरच बांधले. त्या दिवसापासून कुणी कंदिलासाठी हाक मारली, की खांबेटे यायचे, हात पाठीमागं घ्यायचे आणि प्रश्न विचारायला लागायचे. वात किती वर आहे? धूर कुठं जातोय? आणि आता? लेले दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कंदील लावला आणि आख्ख्या शाळेला सांगत सुटले.

मग पाळी माझ्यावर आली.

"मराठीला कंदील कशाला?" मी म्हणालो.

"कवितेत हरिण आलं की हरिण दाखवा."

"हरिण पोरांना माहीत आहे."

"तुम्हाला काच घालायची सवय व्हावी म्हणून दाखवा."

रविवारी सकाळी मला शाळेत नेऊन त्यांनी उभं केलं. काच कंदिलात उलटी घालावी लागते, तेव्हा चित्र पडद्यावर सुलट पडतं. घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक काचेच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या कागदाची टिकली चिकटवली होती. उजवा अंगठा टिकलीवर ठेवून काच आत सोडायची, बस्स. मी हरिण सोडलं आणि गडबडीत तापलेल्या धुराड्याला हात लावला.

"आई गं! चावला की हो!"

"चावला नाही," खांबेटे हात मागं ठेवून म्हणाले. "तो गरम आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत."

त्या क्षणी ते हात पुढं असते, तर मी मुरगाळले असते.

संस्कृतच्या शास्त्रीबुवांची गंमत याहून मोठी. भिंग पुढं-मागं सरकवायचा कंदिलाचा भाता चामड्याचा होता आणि शास्त्रीबुवा चामड्याला शिवायला तयार नव्हते. खांबेटे म्हणाले, भात्याला कापडाची खोळ घालू. शास्त्रीबुवा कबूल झाले. पण ती खोळ खांबेट्यांनी स्वतः शिवली नाही, शिंप्यालाही दिली नाही. साठीच्या घरातल्या शास्त्रीबुवांना सुई-दोरा देऊन त्यांच्याकडूनच शिवून घेतली. पुढं पुढं तर शास्त्रीबुवांना असा नाद लागला, की श्लोक कुठलाही असो, पडद्यावर हिमालय यायचाच.

शाळेतले सगळे मास्तर शिकून झाले, तसे खांबेटे अस्वस्थ झाले. मग त्यांनी मावळातल्या खेड्यांच्या शाळांकडं नजर वळवली. रविवारी कंदील घेऊन जायचं आणि तिथल्या गुरुजींना शिकवायचं. हेडमास्तरांनी नाइलाजानं परवानगी दिली, पण दोन अटींवर. काही मोडलं तर जबाबदार खांबेटे, आणि बरोबर दुसरा एक मास्तर पाहिजे. दुसरा मास्तर कोण, हे ठरवायला सौ.ला क्षणाचाही वेळ लागला नाही.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "नाही तर ते रविवारी इथं येतील आणि मला घड्याळ खोलायला लावतील."

अशा रीतीनं माझे रविवार गेले. सकाळची गाडी पकडून मळवलीला उतरायचं, पेटीच्या कड्यांत बांबू ओवायचा, पुढं खांबेटे आणि मागं मी, अशी वरात चिखलातून निघायची. वाटेत शेतातली माणसं थांबून विचारायची, "काय न्हेताय मास्तर? बाजाची पेटी?" खांबेटे थांबून त्यांना भिंगाची माहिती द्यायचे. पेटी माझ्या खांद्यावर असायची.

लोहगडाच्या अंगाला एका वाडीत एकशिक्षकी शाळा होती. तिथले घारे गुरुजी पेन्शनीला आलेले, शाळेला लागूनच राहणारे. तिथल्याच शेतकरी घरातले, फेटा बांधणारे, मोडी झरझर वाचणारे आणि आख्ख्या वाडीला पाढे शिकवलेले. आदल्या वर्षी तपासणीला आलेल्या शाळाखात्याच्या डिप्टींनी त्यांच्याबद्दल 'शिक्षक जुन्या वळणाचे' असा शेरा मारला होता. यंदा प्रत्येक शाळेनं एक धडा नव्या साधनानं घेऊन दाखवायचा, असा हुकूम होता. तो जमला नाही, तर गुरुजींची बदली पार इंदापूरकडं होणार, असं तालुक्याच्या कचेरीतून कानावर आलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा गुरुजी कंदिलापासून चांगले चार हात लांब उभे राहिले.

"मास्तर, हिशेब घाला, मोडी वाचाया द्या. पन ह्ये मला न्हाई जमायचं. माजं हात बगा."

त्यांचे हात कापत होते. काडी पेटवली, की वातीपर्यंत पोचायच्या आत विझायची.

"दोन वर्सं ऱ्हायली माजी. ही म्हातारी, ही भाताची खाचरं, ह्ये सोडून कुटं जाऊ?"

"हात लावा, चावत नाही," खांबेटे म्हणाले आणि त्यांनी हात मागं बांधले.

माझा संताप झाला. दोन रविवार गेले, तीन गेले. काड्या संपल्या, वाती काजळल्या, ताजमहालाची काच पडून फुटली. ताजमहालाला खांबेटे जबाबदार! परतीच्या वाटेवर मी बांबू खाली ठेवला आणि स्पष्ट बोललो, "अहो, त्या म्हाताऱ्या माणसाचा छळ का मांडलाय? तपासणीच्या दिवशी दिवा तुम्ही लावून द्या, काच तुम्ही घाला. डिप्टींना चित्र पाहायचंय, काडी कुणी ओढली ते नाही."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळचं पुढच्या वेळी!"

"भागवत," ते म्हणाले, "पोरांच्या समोर त्यांना बाजूला सरकवून मी दिवा लावला, की त्यांची बदली झाली नाही तरी झाल्यासारखीच."

मी बांबूचं मागचं टोक उचललं आणि स्टेशन येईपर्यंत त्यांना मागून ढकलत नेलं.

पुढच्या रविवारी खांबेट्यांनी काडेपेटी काढलीच नाही. गुरुजींना विचारलं, "भात लावताना हात कापतात का?"

"न्हाई. तवा कुटलं कापत्यात?"

"का नाही कापत?"

गुरुजींनी विचार केला. ओणवे झाले, हवेतच रोप लावून पाहिलं. "तवा कोपर गुडघ्यावं टेकल्यालं आसतंय की."

"आणि आता?"

गुरुजी कंदिलाकडं बघत राहिले. मग त्यांनी पाट ओढला, त्यावर बसले, दोन्ही कोपरं पेटीखालच्या बाकावर टेकवली आणि काडी ओढली. वातीनं पेट घेतला. भिंतीवर उजेडाचा गोल पडला. आत चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं बाहेर येऊन पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "जमलं वो तुमास्नी!"

या मावशी दर रविवारी आम्हाला जेवू घालत. तांदळाची भाकरी, झणझणीत आमटी आणि वर दह्याची वाटी. खांबेटे एरवी खाणावळीत जेवत. तिथं समोर येईल ते मुकाट्यानं गिळायचे. इथं मात्र दुसरी भाकरी मागून घ्यायचे. मावशी त्यांना दटावायच्या, "मास्तर, लय वाळलाय तुमी. घरात कुनी बगाया न्हाई का?" ते नुसते हसायचे आणि ताटात बघायचे.

तपासणीचा दिवस उजाडला. खिडक्यांवर घोंगड्या टाकून खोली अंधारी केली होती, समोर गुरुजींचं धुवट धोतर पडदा म्हणून ताणलं होतं. डिप्टी खुर्चीवर बसले. पोरं जमिनीवर. खांबेटे आणि मी मागच्या भिंतीशी उभे. गुरुजींनी कोपरं टेकवली, दिवा लावला, वात बेताची केली. सगळं पहिल्या झटक्यात. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी काच सोडली.

पडद्यावर बर्फाचे डोंगर आकाशातून खाली लोंबायला लागले. नदी वर वाहत होती आणि एक गाय पाय वर करून चरत होती.

पोरं खिदळली. डिप्टी म्हणाले, "हे काय?"

 गुरुजींचा हात बाकावरून सुटला आणि पुन्हा कापायला लागला.

"चूक माझी आहे, साहेब," मागून खांबेटे बोलले. "काचेवरची खूण मी भलत्याच कोपऱ्यात चिकटवली. गुरुजींनी खुणेप्रमाणं बरोबर घातली होती."

मी त्यांच्याकडं पाहतच राहिलो. सकाळी गाडीत त्यांनी एकेक काच उजेडात धरून टिकली तपासली होती आणि माझ्याकडूनही तपासून घेतली होती. एकही चुकीची नव्हती.

"तुम्हीच का ते?" डिप्टींनी मान वळवून विचारलं. "गावोगाव फिरून मास्तरांना शिकवता म्हणे? आधी स्वतः शिका."

"होय, साहेब."

एवढ्या वेळात गुरुजी सावरले होते. त्यांनी काच काढली, फिरवून घातली. डोंगर जमिनीवर आले, गाय पायांवर उभी राहिली. "पोरांनो," गुरुजी म्हणाले, "ही नदी इलायतेतली हाय. ह्यो पांढरा दिसतोय त्यो बर्फ. पन पानी कुटल्याबी मुलखातलं आसू दे, डोंगरातनं निगतंय आन् उताराला लागतंय. आपली इंद्रायनी कुटनं निगती?"

"कुरवंड्याकडनं!" पोरं ओरडली.

"आन् जाती कुटं?"

मग पोरांनी ती नदी देहू-आळंदीपर्यंत नेली. कुणी मध्ये म्हशी धुतल्या, कुणी मासे धरले. डिप्टी खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते. जाताना त्यांनी गुरुजींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असा धडा मी यंदा कुठं ऐकला नाही." बदलीचा विषय तिथंच संपला.

परतीच्या वाटेवर मी खांबेट्यांना फैलावर घेतलं. "अहो, खोटं कशाला बोललात? तुमचं नाव खराब झालं!"

"धडा चांगला झाला," एवढंच ते म्हणाले.

व्हायचं ते झालं. डिप्टींनी आमच्या हेडमास्तरांशी बोलता बोलता खांबेट्यांच्या हलगर्जीपणाचा उल्लेख केला. हेडमास्तर फुटक्या ताजमहालावरून आधीच कुरकुरत होते. त्यांनी किल्ली परत मागितली. कंदील लेल्यांच्या ताब्यात गेला आणि त्यानं शाळेचा उंबरठा ओलांडायचा नाही असं ठरलं.

मला वाटलं होतं, निदान शाळेत तरी खांबेट्यांवाचून अडेल. अडलं नाही. लेले दिवा लावत, शास्त्रीबुवा हिमालय दाखवत, मीसुद्धा एकदा हरिण दाखवलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. मधल्या सुट्टीत खांबेटे शिक्षकांच्या खोलीत बसून असायचे. बाहेर पावलं वाजली की दाराकडं पाहायचे.

त्यानंतरचा पहिला रविवार. मी मनात म्हटलं, चला, सुटलो, आणि उन्हं अंगावर येईपर्यंत झोपलो. पुढच्या रविवारी सकाळी पाणी भरायला बाहेर आलो, तर खांबेट्यांचं दार उघडं होतं. ते खुर्चीवर बसले होते. कोट अंगात, वरपर्यंत बटणं, डोक्यावर टोपी, पायांत वहाणा.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही."

"मग हा पोशाख?"

"रविवार आहे ना," ते म्हणाले. मग वहाणांकडं बघत, "मागच्या रविवारीही असाच बसलो होतो. रविवार फार मोठा असतो हो, भागवत. तुम्हाला कल्पना नाही."

 तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. फेटा सारखा करत घारे गुरुजी उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"काय मास्तर, आला न्हाई तुमी?"

खांबेटे गडबडीनं उठले. "गुरुजी, कंदील नाही आता माझ्याकडं. तो शाळेत ठेवलाय."

"कंदील कुनी मागितला? आमच्या मंडळीनं भाकऱ्या थापल्यात. मागल्या ऐतवारीबी थापल्या व्हत्या. वाट बगून बगून आमी दोगांनी खाल्ल्या. आज म्हनली, मास्तर येत न्हाईत, तर तुमीच जाऊन घिऊन या."

 गुरुजी उंबऱ्यापाशी आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "त्या दिशी काच म्या उलटी घातली व्हती. अंगठा खुनंवर न्हवता माजा."

"खूणच नीट नव्हती, गुरुजी."

"व्हती. लय नीट व्हती," गुरुजी म्हणाले. "चला. गाडी चुकंल."

खांबेट्यांनी खिशातून फडकं काढलं, तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग दाराला कुलूप घालायला लागले. मीही घरात जाऊन टोपी घातली आणि त्यांच्या मागोमाग अंगणात उतरलो. ते थांबले. गुरुजी पुढं गेलेत ना, हे त्यांनी पाहून घेतलं.

"अहो भागवत, आज पेटी नाही. तुम्ही कशाला?"

"सोबत म्हणून. सवय झालीय."

ते अवघडले. कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "राग मानू नका," ते हळूच म्हणाले, "पण हे जेवायला बोलावणं आहे. आणि ते मला आहे."

ते भराभर पावलं टाकत गुरुजींना गाठायला गेले. दोघं स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत मी अंगणात उभा होतो. मग आत येऊन टोपी खुंटीला अडकवली.

"हे काय, आज तुम्ही नाही गेलात?" सौ.नं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आज मास्तर पाहुणे म्हणून गेलेत."